राउल प्रेबिश : विकसनशील देशांच्या आर्थिक एकीकरणाचे पुरस्कर्ते

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस
• राउल प्रेबिश यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• ‘केंद्र’ आणि ‘परीघ’ या संकल्पनांचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• विकसनशील देशांच्या प्रादेशिक आर्थिक एकीकरणाची गरज व त्यातील अडचणी यांचे विवेचन करता येईल.
• चरित्रनायकाचा अनुभव आणि त्याचा विचार यांतील संबंध दाखविता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या विचारवंताचे चरित्र वाचताना त्याच्या विचाराचा उगम कोणत्या अनुभवात आहे, हा प्रश्न आपण सतत मनाशी बाळगावयास हवा. काही विचारवंतांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सहज हाती लागत नाही. राउल प्रेबिश यांच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर मिळते. अर्जेंटिनातील हे अर्थतज्ज्ञ आयुष्याच्या पूर्वार्धात सरकारी अधिकारी आणि बँकेचे संचालक होते. दुर्बल देशाच्या वतीने बलवान देशाशी वाटाघाटी करणे म्हणजे काय, हे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. पुढे या अनुभवाचे त्यांनी सिद्धांतात रूपांतर केले आणि उत्तरार्धात त्या सिद्धांताच्या आधारे आंतरराष्ट्रीय संस्था उभारल्या.

त्यांच्या जीवनकार्याच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. गरीब देशांनी आपापसांतील व्यापाराच्या भिंती पाडून एक मोठी बाजारपेठ निर्माण केली, तर त्यांची स्थिती सुधारेल काय? आणि सुधारणार असेल, तर त्या लाभाची वाटणी कशी व्हावी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रेबिश यांनी ठामपणे होकारार्थी दिले. दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्वही त्यांनी ओळखले होते. परंतु त्याचे उत्तर सहभागी राष्ट्रांनी द्यावयाचे होते आणि ते त्यांना देता आले नाही. प्रेबिश यांच्या चरित्राचे खरे मोल या दोन प्रश्नांमधील अंतर समजून घेण्यात आहे.

२. जन्म, शिक्षण आणि जडणघडण

राउल प्रेबिश यांचा जन्म १७ एप्रिल १९०१ रोजी अर्जेंटिनाच्या वायव्य भागातील तुकुमान या शहरात झाला. हा प्रदेश उसासाठी व साखरेसाठी प्रसिद्ध. वडील जर्मनीहून येऊन स्थायिक झालेले, तर आई त्या भागातील जुन्या प्रतिष्ठित घराण्यातील होती. शालेय शिक्षण संपवून १९१८ साली ते ब्वेनोस आइरेस येथील विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी आले.

त्या काळातील अर्जेंटिनाची गणना जगातील संपन्न देशांत होत असे. गहू, मांस आणि लोकर युरोपला, विशेषतः ब्रिटनला, विकावयाची आणि तेथून यंत्रे, कोळसा व कापड आणावयाचे, असा हा व्यवहार होता. देशातील लोहमार्गांत मोठे भांडवल ब्रिटिशांचे होते आणि ते मार्ग पंख्याच्या काड्यांप्रमाणे राजधानीच्या बंदरात एकत्र येत. शेतातील धान्य बंदरापर्यंत आणि बंदरातून युरोपपर्यंत पोचविणे हे त्यांचे मुख्य प्रयोजन होते. ही व्यवस्था लाभदायक आहे तोवर तिच्यावर शंका घेण्याचे कारण बहुतेकांना वाटत नव्हते.

तरुण प्रेबिश यांनाही ते वाटत नव्हते. मुक्त व्यापाराने सर्व देशांचे कल्याण होते, हे पाठ्यपुस्तकांतील तत्त्व त्यांना मान्य होते. मात्र विद्यार्थिदशेत त्यांचा संबंध आलेहांद्रो बुंगे या अर्थतज्ज्ञाशी आला. बुंगे यांनी १९०९ सालीच दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातील देशांचा एक सीमाशुल्क संघ असावा, अशी कल्पना मांडली होती. तिचा स्वीकार प्रेबिश यांनी तेव्हा केला असे म्हणता येत नाही. परंतु पुढे आयुष्यभर ज्या दिशेने ते चालत राहिले, तिची पहिली खूण येथे दिसते. १९२५ पासून ते ब्वेनोस आइरेस विद्यापीठात अध्यापन करू लागले.

३. महामंदी आणि लंडनचा धडा

१९२९ साली सुरू झालेल्या जागतिक महामंदीने पाठ्यपुस्तकातील तत्त्वाची कसोटी लागली. धान्याच्या किमती कोसळल्या. अर्जेंटिनाला पूर्वीइतकीच यंत्रे विकत घेण्यासाठी कितीतरी अधिक गहू जहाजांवर चढवावा लागू लागला. १९३० साली देशात लष्करी उठाव झाला आणि नव्या राजवटीत प्रेबिश अर्थखात्याचे उपसचिव झाले. प्रारंभी त्यांनी रूढ उपायच योजले. खर्चात काटकसर केली, अंदाजपत्रकाचा तोल सांभाळला. संकट मात्र हटले नाही.

यानंतरचा प्रसंग त्यांच्या वैचारिक जीवनात निर्णायक ठरला. १९३२ साली कॅनडातील ओटावा येथे ब्रिटनने साम्राज्यातील देशांना व्यापारात अग्रक्रम देण्याचे ठरविले. अर्जेंटिना साम्राज्याबाहेरचा. त्याच्या मांसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हातचे जाण्याची वेळ आली. म्हणून १९३३ साली उपराष्ट्राध्यक्ष हुलिओ रोका यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ लंडनला गेले. प्रेबिश त्याचे आर्थिक सल्लागार होते. जो करार झाला त्यात ब्रिटनने मांसाची आयात आधीच्या पातळीखाली फारशी न आणण्याचे मान्य केले. त्याच्या बदल्यात अर्जेंटिनाने ब्रिटिश मालावरील आयातशुल्कात आणि परकीय चलनाच्या वाटपात सवलती दिल्या. निर्यातीच्या कोट्यापैकी ८५ टक्के वाटा परदेशी मांस-कंपन्यांकडे राहिला.

मायदेशी या करारावर कडक टीका झाली आणि तिचे शिंतोडे प्रेबिश यांच्यावरही उडाले. त्यांच्या दृष्टीने त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता. परंतु पर्याय का नव्हता, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून असणारा आणि शेजाऱ्यांशी व्यापाराचे नाते नसणारा देश वाटाघाटीस बसतो, तेव्हा त्याच्या हाती देण्यासारखे पुष्कळ असले तरी नाकारण्यासारखे काही नसते. पुढील काळातील त्यांच्या सर्व विचाराचे बीज या अनुभवात आहे.

४. मध्यवर्ती बँक ते पदच्युती

१९३५ साली अर्जेंटिनाची मध्यवर्ती बँक स्थापन झाली आणि वयाच्या ३४ व्या वर्षी प्रेबिश तिचे पहिले सरव्यवस्थापक झाले. आपल्याकडील रिझर्व्ह बँकेचे काम त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. निर्यातीच्या तेजीत आलेले जादा धन बाजारातून काढून घ्यावयाचे आणि मंदीत ते पुन्हा मोकळे करावयाचे, असे धोरण त्यांनी अवलंबिले. कृषिमालावर विसंबलेल्या देशाला बाहेरील लाटांचे धक्के कमी बसावेत, हा त्याचा हेतू होता.

दुसऱ्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद होताच १९४० साली अर्थमंत्री फेदेरिको पिनेदो यांनी एक व्यापक योजना मांडली. तिच्या रचनेत प्रेबिश यांचा मोठा वाटा होता. उद्योगांना चालना द्यावी आणि ब्राझीलसह शेजारी देशांशी व्यापार वाढवावा, असे तिच्यात सुचविले होते. अंतर्गत राजकारणामुळे योजना संसदेत अडकली. तरीही अर्जेंटिनासारख्या देशाने शेजाऱ्यांकडे बाजारपेठ म्हणून पाहावे, हा विचार यानिमित्ताने शासकीय कागदावर आला.

ज्या १९४३ साली चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्याच साली अर्जेंटिनात पुन्हा लष्करी उठाव होऊन प्रेबिश यांना बँकेतून दूर करण्यात आले. बेचाळीस वर्षांच्या या माणसाचा सत्तेशी असलेला संबंध एकाएकी तुटला. अध्यापन, लेखन आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांच्या मध्यवर्ती बँकांना सल्ला देणे, एवढेच त्यांच्या हाती उरले. या प्रवासांत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मेक्सिकोपासून दक्षिणेपर्यंत प्रत्येक देश आपली अडचण फक्त आपलीच आहे असे समजत होता. प्रत्यक्षात सर्वांची अडचण एकच होती. पदच्युतीमुळे त्यांची दृष्टी अर्जेंटिनाच्या सीमेबाहेर गेली.

५. केंद्र आणि परीघ

१९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी लॅटिन अमेरिकेसाठी एक आर्थिक आयोग स्थापन केला. त्याचे कार्यालय चिलीची राजधानी सांतियागो येथे होते. १९४९ साली प्रेबिश तेथे सल्लागार म्हणून गेले आणि हवाना येथील परिषदेसाठी त्यांनी लॅटिन अमेरिकेच्या विकासाच्या प्रमुख समस्यांवर एक प्रबंध लिहिला. १९५० ते १९६३ या काळात ते आयोगाचे कार्यकारी सचिव होते.

या प्रबंधात जगाच्या अर्थव्यवस्थेचे चित्र ‘केंद्र’ आणि ‘परीघ’ या दोन शब्दांत रेखाटले आहे. औद्योगिक देश हे केंद्र. कच्चा माल व अन्नधान्य पुरविणारे देश हा परीघ. भाषेच्या अभ्यासकांनी या शब्दयोजनेकडे अवश्य लक्ष द्यावे. ‘पुढारलेले’ आणि ‘मागासलेले’ या शब्दांत असे सूचित होते की, सर्व देश एकाच वाटेवर चालत असून काही पुढे गेले आहेत व काही मागे राहिले आहेत. ‘केंद्र’ व ‘परीघ’ या भूमितीतून घेतलेल्या शब्दांत असे मूल्यमापन नाही. त्यांत संबंधाचे वर्णन आहे. केंद्राशिवाय परीघ असत नाही. शिवाय परिघावरील प्रत्येक बिंदू त्रिज्येने केंद्राशी जोडता येतो. शेजारच्या दोन बिंदूंना जोडणारी त्रिज्या नसते. बंदराकडे धावणारे आणि शेजारी देशाकडे पाठ फिरविणारे लोहमार्ग आठवले, म्हणजे ही प्रतिमा किती नेमकी आहे हे कळते.

प्रेबिश यांचे प्रतिपादन पुढीलप्रमाणे सांगता येईल. तंत्रज्ञान सुधारले की उत्पादनाचा खर्च घटतो. केंद्रातील कामगार संघटित असल्याने तेथे या बचतीचा लाभ वेतनवाढीच्या रूपाने तेथेच राहतो. परिघावर कामाच्या शोधातील हात पुष्कळ व संघटना दुबळ्या. म्हणून तेथील बचत किमती उतरण्यात निघून जाते आणि तिचा लाभ खरेदीदार देशाला मिळतो. शिवाय उत्पन्न दुप्पट झाले म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाही. पण यंत्रे व उपकरणे मात्र अधिक घेतो. परिणामी दीर्घकाळात कच्च्या मालाच्या किमती कारखानदारी मालाच्या तुलनेत घसरत जातात. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९३० च्या दशकापर्यंतची आकडेवारी त्यांनी पुढे ठेवली. तीत ही घसरण एक तृतीयांशाहून अधिक दिसत होती. हान्स सिंगर यांनीही त्याच सुमारास असाच निष्कर्ष काढला होता, म्हणून हा सिद्धांत दोघांच्या जोडनावाने ओळखला जातो.

या सिद्धांतावर आक्षेपही घेतले गेले. मूळ आकडेवारी ब्रिटनच्या किमतींवर आधारलेली होती. जहाजवाहतुकीतील स्वस्ताई आणि यंत्रांच्या गुणवत्तेतील सुधारणा तिच्यात पुरेशी मोजली गेली नव्हती, असे टीकाकारांचे म्हणणे होते. घसरण किती व कोणत्या काळात झाली, हा वाद पुढे अनेक दशके चालला.

६. लहान बाजारपेठांचा प्रश्न

या विवेचनातून निघणारा उपाय म्हणजे औद्योगिकीकरण. बाहेरून येणारा माल देशातच तयार करावा आणि नव्या उद्योगांना काही काळ आयातशुल्काचे संरक्षण द्यावे. यालाच आयात-पर्यायीकरण म्हणतात. १९५० च्या दशकात लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देश या मार्गाने जात होते. परंतु दशकाच्या उत्तरार्धात प्रेबिश यांना त्याची मर्यादा स्पष्ट दिसू लागली.

साबण, कापड, सिमेंट यांचे कारखाने लहान देशातही चालतात. पोलाद, मोटारी, रसायने, यंत्रे यांचे तसे नाही. त्यांचा कारखाना मोठ्या प्रमाणावर चालला तरच माल स्वस्त पडतो. वीस देशांनी आपापल्या उंच भिंतींआड वीस लहान कारखाने काढले, तर प्रत्येकाचा माल महाग आणि निकृष्ट होणार, आणि त्याचा भार त्या त्या देशाच्या गिऱ्हाइकावर पडणार. भिंत केंद्राच्या मालाविरुद्ध असावी; शेजाऱ्यांमध्ये ती नसावी. म्हणजे कारखान्यांना मोठी बाजारपेठ मिळेल, उत्पादनाची विभागणी करता येईल आणि शेजारच्या स्पर्धेमुळे उद्योग सुस्तावणार नाहीत. १९५९ साली आयोगाने लॅटिन अमेरिकेच्या सामाईक बाजारपेठेचा विचार सविस्तर मांडला. युरोपातील सहा देशांचा आर्थिक समुदाय वर्षभरापूर्वीच कार्यान्वित झाला होता. युरोपातील उद्योग आधीच उभे होते आणि त्यांना जोडावयाचे होते. लॅटिन अमेरिकेत उद्योग उभे राहावेत म्हणून बाजारपेठ जोडावयाची होती. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा.

७. एकीकरणाचे प्रयोग आणि त्यांचे अनुभव

१८ फेब्रुवारी १९६० रोजी उरुग्वेच्या राजधानीत माँटेव्हिडिओचा करार झाला. अर्जेंटिना, ब्राझील, चिली, मेक्सिको, पॅराग्वे, पेरू आणि उरुग्वे या सात देशांनी मुक्त व्यापार संघ स्थापन केला. कोलंबिया, एक्वादोर, व्हेनेझुएला व बोलिव्हिया पुढे त्यात आले. बारा वर्षांत आपसांतील बहुतेक व्यापार शुल्कमुक्त करावयाचा होता. त्यासाठी वस्तूंची एक सामाईक यादी दर तीन वर्षांनी वाढवीत न्यावयाची होती.

पहिली यादी १९६४ साली ठरली. दुसऱ्या यादीत गहू व खनिज तेल घालण्याचा प्रश्न येताच वाटाघाटी थांबल्या. जी वस्तू शेजारी तयार करीत नाही, तिच्यावरील शुल्क कमी करणे सोपे असते. जिच्यावर आपला शेतकरी किंवा कारखानदार जगतो, तिची पाळी आली की प्रत्येक सरकार हात आखडते. पुढे मुदत १९८० पर्यंत वाढविण्यात आली. लहान देशांची तक्रार याहून वेगळी होती. भिंती पडल्याने नवे कारखाने ब्राझील, अर्जेंटिना व मेक्सिको या मोठ्या देशांतच जातील आणि आपण नव्या केंद्रांचा नवा परीघ होऊ, अशी भीती त्यांना वाटत होती.

ही भीती निराधार नव्हती, हे मध्य अमेरिकेच्या उदाहरणाने सिद्ध केले. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास व निकाराग्वा यांनी डिसेंबर १९६० मध्ये सामाईक बाजारपेठेचा करार केला. नंतर कोस्टा रिकाही त्यात आला. आयोगाने येथे बरीच पूर्वतयारी केली होती आणि दशकभरात आपसांतील व्यापार कित्येक पटींनी वाढला. एकीकरणाचे हे यश होते. परंतु उद्योगांचा ओघ मुख्यतः ग्वाटेमाला व एल साल्वादोरकडे गेला आणि होंडुरासच्या वाट्याला शेजाऱ्यांचा महाग माल आला. होंडुरासमध्ये येऊन राहिलेल्या साल्वादोरच्या भूमिहीन शेतकऱ्यांचा प्रश्न त्यात मिसळला. जुलै १९६९ मध्ये या दोन देशांत काही दिवसांचे युद्ध झाले आणि पाठोपाठ होंडुरास बाजारपेठेतून बाहेर पडला. व्यापार वाढला म्हणून सलोखा वाढतोच असे नाही. वाढीची वाटणी न्याय्य वाटली तरच तो वाढतो.

प्रेबिश यांना हे उशिरा कळले असे मात्र नाही. दुर्बल देशांना विशेष सवलती आणि उद्योगांच्या विभागणीची योजना असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६५ साली चिलीचे राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो फ्रे यांच्या विनंतीवरून त्यांनी अन्य तीन तज्ज्ञांसह सामाईक बाजारपेठेचा प्रस्ताव तयार केला. १९६७ साली राष्ट्राध्यक्षांच्या परिषदेने ती १९८५ पर्यंत पूर्ण करण्याची घोषणाही केली. ती घोषणा कागदावरच राहिली. १९६९ साली अँडीज पर्वतराजीतील पाच देशांनी स्वतंत्र करार करून उद्योगांची वाटणी आधीच ठरविण्याचा आणि बोलिव्हिया व एक्वादोर यांना झुकते माप देण्याचा प्रयत्न केला. पण १९७६ साली चिलीने तो गट सोडला.

८. जागतिक व्यासपीठ आणि नवी दिल्ली

दरम्यान प्रेबिश यांचे कार्यक्षेत्र विस्तारले होते. १९६४ साली जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद भरली. ‘अंक्टाड’ या संक्षिप्त नावाने ती प्रसिद्ध आहे. तिचे महासचिव प्रेबिश होते. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथील देश प्रथमच व्यापाराच्या प्रश्नावर एकत्र बोलले आणि त्यांतून ७७ देशांचा गट जन्मास आला. लंडनमध्ये एकट्या देशाने वाटाघाटी केल्याचा अनुभव ज्याच्या पाठीशी होता, त्याच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती.

परिषदेचे दुसरे अधिवेशन १९६८ साली नवी दिल्ली येथे झाले. विकसनशील देशांच्या कारखानदारी मालाला श्रीमंत देशांनी परतफेडीची अपेक्षा न ठेवता शुल्कात सवलत द्यावी, हे तत्त्व येथे मान्य झाले. इतर अपेक्षांच्या मानाने मात्र अधिवेशन निराशाजनक ठरले. १९६९ साली प्रेबिश यांनी महासचिवपद सोडले. भारताने त्यांना १९७४ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला.

९. अखेरची वर्षे

पुढील काळात सांतियागो येथे राहून प्रेबिश यांनी आपल्याच विचारांची पुन्हा तपासणी केली. १९७६ पासून ते आयोगाच्या नियतकालिकाचे संपादन करीत. परिघावरील समाजातील सुखवस्तू वर्ग केंद्रातील राहणीचे अनुकरण करतो आणि गुंतवणुकीस लागणारे धन उपभोगात उधळतो, हा मुद्दा त्यांच्या उत्तरकालीन लेखनात प्रमुख आहे. आधी बोट बाहेरच्या अन्यायाकडे होते. आता ते घरातील विषमतेकडेही वळले. १९८३ साली अर्जेंटिनात लोकशाही परतल्यावर राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांच्या सरकारला त्यांनी सल्ला दिला. २९ एप्रिल १९८६ रोजी सांतियागो येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी अर्जेंटिना व ब्राझील यांनी आर्थिक एकीकरणाचा करार केला. त्यातूनच १९९१ साली पॅराग्वे व उरुग्वे यांच्यासह ‘मेर्कोसूर’ ही सामाईक बाजारपेठ आकारास आली.

१०. समारोप

प्रेबिश यांचे चरित्र हे सफल झालेल्या योजनांचे चरित्र नाही. त्यांनी पुरस्कारिलेल्या बाजारपेठा रेंगाळल्या किंवा मोडल्या. तरीही त्यांनी उभा केलेला प्रश्न मागे पडला नाही. आपल्या उपखंडात डिसेंबर १९८५ मध्ये ढाका येथे ‘सार्क’ची स्थापना झाली आणि १ जानेवारी २००६ पासून दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार अमलात आला. असे असूनही या देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. येथेही मोठा शेजारी आपल्याला गिळून टाकील काय, ही लहानांची शंका आहे, आणि राजकीय वैराची सावली आहे. शेजाऱ्याला केवळ गिऱ्हाईक न मानता त्याच्या उद्योगाच्या वाढीतही आपले हित पाहण्याची तयारी जोवर मोठ्या देशात नसते, तोवर शुल्क उतरविल्याने एकीकरण साधत नाही. प्रेबिश यांच्या आयुष्यातून घ्यावयाचा बोध हाच आहे.

पारिभाषिक शब्द

मुक्त व्यापार क्षेत्र : सदस्य देशांत आपसांत शुल्क नाही, बाहेरील देशांसाठी प्रत्येकाचे शुल्क वेगळे.
सीमाशुल्क संघ : आपसांत शुल्क नाही आणि बाहेरील देशांसाठी सर्वांचे शुल्क एकच.
सामाईक बाजारपेठ : सीमाशुल्क संघाबरोबरच श्रम व भांडवल यांनाही सदस्य देशांत मोकळीक.
आयात-पर्यायीकरण : आयात होणाऱ्या वस्तू देशातच तयार करण्याचे धोरण.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. १९३३ च्या लंडन येथील वाटाघाटींचा प्रेबिश यांच्या विचारांवर कोणता परिणाम झाला?
२. ‘केंद्र’ व ‘परीघ’ हे शब्द ‘पुढारलेले’ व ‘मागासलेले’ या शब्दांहून कोणत्या दृष्टीने वेगळे आहेत? सोदाहरण स्पष्ट करा.
३. मध्य अमेरिकेतील सामाईक बाजारपेठेत व्यापार वाढूनही संघर्ष का निर्माण झाला?
४. लॅटिन अमेरिका आणि दक्षिण आशिया येथील एकीकरणाच्या अडचणींची तुलना करा.